न दिलेला गोल

जुईलीनं पोळीचा तुकडा ताटात टाकला आणि जाहीर केलं, "मी माफी मागणार नाही."

तिच्या आईनं, शीलानं कपाळाला हात लावला. कुवेतमधल्या एगैला भागातल्या त्या फ्लॅटमध्ये मागचा मोसम संपल्यापासून हे वाक्य रोज भाजीबरोबर वाढलं जात होतं. आता मात्र दिवस संपले होते. उद्या दुपारी लीगच्या समितीसमोर माफी मागितली नाही, तर येत्या मोसमात जुईलीला बर्फावर पाय ठेवता येणार नव्हता. पुढच्या वर्षी ती कॉलेजसाठी पुण्याला जाणार, आणि पुण्यात कुठली आलीय आइस हॉकी? म्हणजे तिच्यापुरता हा खेळ उद्याच संपणार होता.

मागच्या मोसमाचं नाव काढलं की लोक अजून वाद घालायचे. मुलींची छोटीशी लीग, त्यात जुईलीचा संघ तळाचा. त्यांच्या सामन्याला लोक यायचे ते बाहेरच्या उन्हातून सुटायला आणि पोटभर हसायला. त्याच पोरींनी हसणाऱ्यांचे दात त्यांच्याच घशात घातले आणि थेट अंतिम सामना गाठला. समोरच्या संघाचे पाठीराखे स्टँडमध्ये भोंगे घेऊन बसले होते. बरोबरी होती, वेळ संपत आली होती, आणि जुईलीनं मारलेला पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, गोलकीपरच्या पायाखालून सरकली. पोरींनी हातमोजे उडवले, एकमेकींवर पडल्या. तेवढ्यात रेफरीनं दोन्ही हात आडवे केले. गोल नाही. पक रेषेच्या पूर्ण आत गेला नव्हता म्हणे. जादा वेळेत संघ हरला.

तो रेफरी मुळात ठरलेलाही नव्हता. ठरलेला आजारी पडला, आणि कुवेतमध्ये आइस हॉकीचे रेफरी काही झाडाला लागत नाहीत. ज्याला नियम पाठ आणि स्केटिंग येतं, त्याच्या गळ्यात शिट्टी. गंमत म्हणजे त्याचं नाव ऐकून समोरच्या संघानं कुरकुर केली होती आणि जुईलीच्या संघानं टाळ्या वाजवल्या होत्या.

निर्णयानंतर जुईली सरळ त्याच्यासमोर गेली, हेल्मेट काढलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाली, की हा निर्णय लोकांना घाबरून दिलाय आणि तो भित्रा आहे. रेफरीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं तिला बाहेर काढलं आणि तक्रार लिहून दिली. ते न पाहणं तिला फार लागलं होतं. गोल गेल्यापेक्षाही जास्त.

"अहो, तुम्ही तरी काही बोला," शीला नवऱ्याला म्हणाली.

गुरुप्रसाद तेल कंपनीत इंजिनिअर. मोजकं बोलणारा माणूस. कॅनडातल्या नोकरीत असताना जुईलीला बर्फावर उभं राहायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी ताकाचा घोट घेतला.

"मनातून येत नसेल तर मागू नये. तसली माफी कुणाच्याच उपयोगाची नसते."

"एग्झॅक्टली," जुईली म्हणाली. बापाकडून एवढा पाठिंबा तिला अपेक्षित नसावा, कारण पुढचा घास तिनं जरा हळू खाल्ला.

शीलाचा धीर सुटला. मग त्या रेफरीनं तरी तक्रार मागे घ्यावी, वयानं मोठा आहे, एक पाऊल मागे आला तर त्याचं काय बिघडेल, असं तिनं समोरच्या भिंतीला विचारलं.

"त्याचंही काही म्हणणं असेल," गुरुप्रसाद म्हणाले. "भर रिंकवर भित्रा म्हटलंय त्याला."

"मग त्याचं म्हणणं त्यानं स्वतःजवळ ठेवावं," जुईली म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी गुरुप्रसादांनी अर्धी रजा टाकली. जुईली टॅक्सीनं जाणार होती. त्यांनी मलाही तिकडेच जायचंय म्हणत गाडीची किल्ली घेतली. रस्ताभर तिच्या कानात इअरफोन होते. रिंकच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आत बोलताना खांदे पाडू नकोस."

ऑफिसच्या दाराशी तिची कॅप्टन हिबा उभी होती. सॉरी म्हण आणि खलास, तुझ्याशिवाय आम्ही पुन्हा तळाला जाऊ, असं तिनं जवळजवळ रडतच सांगितलं. जुईलीनं तिला घट्ट मिठी मारली, पण शब्द दिला नाही.

आत समितीच्या अध्यक्षा लुबना एकट्याच होत्या. टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. जुईली एकीवर बसली, शेजारी गुरुप्रसाद बसले. लुबना प्रेमानं बोलल्या. मागच्या मोसमातली सगळ्यात चांगली खेळाडू घरी बसावी असं कुणालाच वाटत नाही, एक शब्द पुरे, म्हणाल्या.

जुईली उभी राहिली. तिचा आवाज कापत होता, खांदे मात्र ताठ होते.

"तो गोल होता. मला जे वाटलं ते मी बोलले. आजही तेच बोलेन. माफी मागणार नाही."

लुबनांनी पेन खाली ठेवलं. आता एकच वाट उरते, त्या म्हणाल्या. रेफरींनी तक्रार मागे घेतली तर मुलगी खेळू शकेल. मग त्यांनी मान वळवून रेफरींना विचारलं, तक्रार मागे घेता का?

जुईलीच्या शेजारच्या खुर्चीवरून गुरुप्रसाद उठले.

"नाही," ते म्हणाले. "मी कुणालाही घाबरलो नव्हतो."