मोराच्या डोळ्यांचे भोपळे

हालिनाबाईंनी टेबलावरचा एक भोपळा उचलला, आणि वनिता घाईघाईनं खुर्चीवरून उठली.

भोपळा मातीचा होता. पांढऱ्या अंगावर गर्द निळे ठिपके, मोरपिसावरच्या डोळ्यांसारखे डोळे, खाली दात विचकून हसणारं तोंड. असे सव्वीस भोपळे व्हिटबीच्या पोलिश चर्चच्या बेसमेंटमध्ये, बाजाराच्या टेबलावर ओळीनं बसले होते. हॅलोवीन चार दिवसांवर आला होता.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या हालिनाबाई मूळच्या पोलंडमधल्या बोलेस्वाविएत्सच्या. स्पंजच्या ठशांनी एकेक ठिपका उमटवून मातीची भांडी रंगवायची, ही त्या गावची कला. शेजारची वनिता ती त्यांच्या गराजमध्ये, भट्टीशेजारी बसून अठरा वर्षं शिकली होती. वाडगे, बरण्या, चहाचे मग. भोपळा कधीच नाही. दर ऑक्टोबरला गिऱ्हाईकं मागत आणि हालिनाबाई म्हणत, "आमच्याकडे या दिवसांत माणसं कबरींवर मेणबत्त्या लावतात. भुतांचा तमाशा करत नाहीत."

ऑगस्टमध्ये त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी त्यांना लंडनला आपल्या घरी घेऊन गेली. "बाजारातलं आपलं टेबल रिकामं ठेवू नकोस," एवढंच त्या फोनवर म्हणाल्या.

वनितानं वाडगे करायला घेतले, तेवढ्यात नात ईशिता आली. "आजी, कॅन यू मेक मी अ पम्पकिन? अ फनी वन?"

एकच करायचा, म्हणून वनितानं केला. त्याचं तोंड बघून ती एकटीच खो खो हसली. दुसऱ्याला तिनं तिरळं केलं. तिसऱ्याला मिशा आल्या. रिटायर झाल्यापासून इतकी मजा तिला आली नव्हती. हात थांबेचना.

हालिनाबाई आज येणार, हे तिला कुणी कळवलं नव्हतं. वॉकर टेकत त्या थेट टेबलापाशी आल्या.

"सॉरी, हालिना. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक होतं मला," वनिता पुटपुटली. "सगळे उचलून ठेवते."

हालिनाबाईंनी भोपळा उलटा केला. त्यांच्या गावी भांड्याच्या तळाशी रंगवणारीची सही असते. वनिता आजवर प्रत्येक भांड्याखाली त्यांचाच 'एच' काढत आली होती. शिकवलं त्यांनी, तर नाव त्यांचंच, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. या भोपळ्यांचा दोष मात्र त्यांच्या माथी नको, म्हणून खाली एक छोटासा निळा 'व' होता.

हालिनाबाईंनी दुसरा भोपळा उलटा केला. मग तिसरा, मिशांवाला. त्यांचे खांदे हलायला लागले. वनिताला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या.

"ही भुतं मला अजूनही आवडत नाहीत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी निळ्या 'व'वर बोट टेकलं. "पण हे तुझं अक्षर ना? याची मी अठरा वर्षं वाट बघतेय."