व्हॅनची मागची जागा

शोरूममध्ये अच्युतराव म्हणाले, "व्हॅनच घेऊ," आणि वासंतीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. उतारावर इंजीन बंद करून पेट्रोल वाचवणारा हा नवरा मायलेजवाली छोटी गाडी सोडून व्हॅनवर कसा भाळला? घरात तर दोघंच. नक्कीच मित्रांचं टोळकं गोव्याला न्यायचं असणार!

अच्युतराव मागची जागा वितीने मोजत होते.

"बाटल्यांचा खोका बसेल ना?" वासंतीबाईंनी खोचकपणे विचारलं.

"तुझी बाजाची पेटी बसायला हवी. तुमच्या भजनी मंडळाला नरसोबाच्या वाडीला जायचंय ना?"

त्यांना खरं वाटेना. "तुम्ही ज्याला कलकलाट म्हणता, तो वाटभर ऐकणार?"

"ड्रायव्हरला कुठे कान असतात?" अच्युतराव म्हणाले आणि गुणगुणत दार लावू लागले. गवळण वासंतीबाईंचीच होती, आणि एकही शब्द चुकला नव्हता.