रॅम्पची किल्ली
चौघा शिपायांनी व्हीलचेअरसकट उचलून कचेरीच्या पायऱ्या चढवताना बद्रीनाथकाका पडले, खुबा मोडला. त्यांची वकील म्हणून मी तीन वर्षं भांडले, तेव्हा कुठे रॅम्प झाला. आज काकांना वडीगोद्रीहून घेऊन आले, तर रॅम्पला साखळी आणि कुलूप! शिपाई म्हणाला, “लोकं मोटारसायकली चढवून राह्यले, मॅडम.” “काकांसाठी उघडा.” “किल्ली वर रजिस्टरवर सही केल्यावर भेटती. ज्याला रॅम्प पायजे, त्याचीच सही लागती.” “अहो, त्यांना वर जाता येत नाही म्हणूनच रॅम्प बांधलाय! रजिस्टर खाली आणा.” “रजिस्टर हालवायची परवानगी न्हाई.” मी कपाळाला हात लावला. त्याला दया आली. “टेन्शन घेऊ नका,” बाह्या सरसावत म्हणाला. “आम्ही चौघं उचलून नेतो, सही होऊ द्या, खाली आणतो, मंग रॅम्पनं बराबर वर नेऊ.” काकांचा हात खुब्यावर गेला.