लग्नाच्या गाडीचे ब्रेक

"गाडी न्यायची न्हाई," मलप्पा ओट्यावरून म्हणाला. "ब्रेक संपलेत. लोखंडावर लोखंड घासून राहिलंय."

"मग बदल की," त्याची आई शांतम्मा म्हणाली.

"गॅरेजवाला किल्लारीला गेलाय, अव्वा. उद्याबिगर येत न्हाई."

आठवडाभर गाडी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी ओरडत होती, तेव्हा याला गॅरेज आठवलं नाही. आठवलं ते आज, लग्नाच्या दिवशी सकाळी. हे लग्न मलप्पाला पहिल्यापासून पसंत नव्हतं. दुपारच्या आत निलंग्याहून लातूर गाठलं नाही, तर मुहूर्त जाणार. आणि आजचा मुहूर्त गेला की हा दुसरा येऊ देणार नाही, हे शांतम्मा ओळखून होती.

"काळीपिवळीनं जा," मलप्पा म्हणाला.

"लग्नाला काळीपिवळीत कोंबून जाऊ? घरची गाडी दारात असताना?"

तेवढ्यात मलप्पाची लेक रुद्राणी बाहेर आली. ती लातूरला नोकरीला होती. तिच्या अंगावर जुना ड्रेस होता आणि हातात पुठ्ठ्याचं खोकं.

"गाडीचं ओरडणं फोनवरच ऐकलं व्हतं, अप्पा. ब्रेकचे पॅड मी येतानाच आणलेत. कंपनीच्या ड्रायव्हरकडून शिकलेय. घरीच बसवते."

मलप्पानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

रुद्राणीनं मागच्या चाकांना दगड लावले, पुढच्या चाकाचे नट सैल केले, मग जॅक चढवला. चाक निघालं. शांतम्मा बाजेवरून उठून शेजारी येऊन बसली. एवढं मोठं धूड थांबवतं तरी काय, हे तिला बघायचं होतं. आतून निघाली दोन पातळ पत्र्याची पानं, झिजून चकाकणारी.

"एवढंच? याच्या जिवावर माणसं फिरतेत?"

"याच्याच जिवावर."

शेजारची उमाक्का रिकामी घागर घेऊन टँकरच्या वाटेवर होती. ती फाटकात थबकली.

"अगं बया! लग्नाच्या दिवशी पोरगी गाडीखाली?"

"मग काय गाडी पोरीवर ठेवू?" शांतम्मा म्हणाली.

"आम्हाला बलावणं न्हाई ते न्हाई..."

"लातूरला पाणी रेल्वेनं येऊन राहिलंय, उमाक्का. पंगत बसवून लोकांना काय कोरडे घास घालू? घरची चार माणसं, अक्षता, संपलं."

"उदगीरचा नवा जिल्हा झाला की आपल्याकडं पाणी येतंय म्हणतेत."

"येईल की. जिल्ह्याच्या पाटीवर लिहून येईल."

उमाक्का हसली, पण घागर काही हलली नाही. "नवरदेव काय करतो म्हणलीस?"

"डाळीची आडत हाय. घरचा चांगला हाय."

"दिसायला?"

"दोन डोळे हायेत, एक नाक हाय. सगळं जागच्या जागी हाय."

उमाक्काला आणखी विचारायचं होतं, पण कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला आणि ती पळाली.

रुद्राणीनं जुना पॅड मध्ये घालून मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरनं ब्रेकचा पिस्टन आत ढकलला. नवे पॅड जमिनीवर फडक्यावर ठेवले होते. ती पाना शोधायला वळली, तेवढ्यात शांतम्मानं डब्यातलं वंगण बोटावर घेतलं.

"आज्जी! थांब! काय करून राहिलीस?"

"लावते की. गाडी ओरडत होती न्हवं? आमच्या बैलगाडीच्या आसाला लावलं की गप बसायची."

"आसाला लावतेत, ब्रेकला न्हाई! याला वंगण लागलं तर गाडी थांबणारच न्हाई."

"बरंच की मग. थांबायचंय कुणाला?"

रुद्राणी जमिनीवर बसूनच हसत सुटली. हसता हसता तिनं आवाज खाली आणला. "आज्जी, अजून वेळ हाय, सांग. गाडी खुलीच हाय. ब्रेक बसले न्हाईत म्हणून फोन केला तर कोण काय म्हणणार?"

"फोनबिन काही न्हाई. ब्रेक बसव."

दोन्ही चाकांचे पॅड बसले. शेवटचं चाक लावताना एक नट तिरपा चढला आणि मध्येच अडकला. पुढं जाईना, मागं येईना. रुद्राणीनं पान्यावर सगळा भार टाकला. घाम निथळला, नट तसाच.

शांतम्मानं उन्हाकडं पाहिलं. ती पहिल्यांदा घाबरली. मलप्पा भिंतीकडंच बघत होता.

"मलप्पा," ती हळूच म्हणाली. त्या आवाजात एरवीचा कडकपणा नव्हता.

त्यानं वळून पाहिलं. मग उठला, धोतर खोचलं, पान्यावर पाय ठेवला आणि एक झटका दिला. नट सुटला. त्यानं तो पुसला, हातानं सरळ धरून पुन्हा बसवला.

"तिथं काही कमी पडलं तर?" खाली मान घालूनच त्यानं विचारलं.

"तर हे घर कुठं पळून चाललंय?"

"लोक बोलतील, अव्वा."

"बोलू दे. पाण्याबिगर तोंडं कोरडी पडली की गप बसतील."

मलप्पाला हसू आवरलं नाही. बाकीचे नट त्यानंच आवळले.

"आज्जी, ष्टेरिंगवर बस अन् ब्रेक दाब," रुद्राणी म्हणाली.

"खोल गेला गं! पाताळात गेला!"

"पयल्यांदा जातोय. परत दाब. अजून."

चौथ्या दाबाला पाय अडला. "हां! आता दगडावानी झाला!"

रुद्राणीनं गल्लीत एक चक्कर मारून आणली. गाडी आवाज न करता थांबली. राखेनं हात घासून, कपडे बदलून मंडळी निघाली. मलप्पानं नवा फेटा बांधला आणि कुणी न म्हणता पुढच्या सीटवर जाऊन बसला.

मुहूर्ताला थोडाच वेळ उरला होता, तेव्हा लातूरच्या मठासमोर रुद्राणीनं ब्रेक दाबला. दारातून शिवमूर्ती लगबगीनं पुढे आला. डोक्याला बाशिंग, खाली पांढऱ्याशुभ्र मिशा. मलप्पानं वाकून त्याला नमस्कार केला. रुद्राणीनं गाडीचं मागचं दार उघडलं, शांतम्माला हाताला धरून खाली उतरवलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच गप्प झालेल्या आज्जीचा हात त्याच्या हातात देत म्हणाली, "आजोबा, आमची पोरगी पदरात घ्या. तोंडाची तिखट हाय, पर मनानं लई गोड हाय."