थेल्माच्या सँडल

नव्वदी उलटलेल्या नोलाबाई सकाळीच मेलबर्नच्या आमच्या संग्रहालयात आल्या. तरुणपणी फ्लिंडर्स लेनमधल्या एका शिवणघरासाठी त्या शिवायच्या नव्या कपड्यांची चित्रं आधी काढून द्यायच्या. त्यातलं एक आमच्याकडे आहे. नाचाचा पिवळा झगा घातलेली त्यांची धाकटी बहीण, थेल्मा. तो झगा शिवून होण्याआधीच थेल्मा तापाने गेली. तो घालून तिचं नाचायचं राहूनच गेलं.

मी खोक्यातून चित्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"अरे रॉस, हिच्या सँडल कुठे गेल्या?"

थेल्मा अनवाणी होती. मी घाईघाईने चित्राचा जुना फोटो शोधला. त्यात तिच्या पायांत उंच टाचांच्या सँडल स्पष्ट दिसत होत्या. चित्रावर मात्र खोडल्याची खूणसुद्धा नव्हती.

नोलाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "नाच रंगला की ही पोरगी सँडल भिरकावून द्यायची! आई काय ओरडायची हिला! नाचलीस ना गं शेवटी, बये?"

त्यांचं पाहून मलाही हसू फुटलं. मग मी वाकून नीट पाहिलं.

नुकतीच गिरकी घेतल्यासारखा त्या पिवळ्या झग्याचा घेर कागदावर अजून हलत होता.