गोदूबाईचं बी

भातं कापून झाली की गडब गावच्या गोदूबाईच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर, टमाट्यांना नुसता ऊत यायचा. घरात खाणारी ती एकटीच. लेक रोह्याला कंपनीत, त्याला सणालाही शिफ्ट आडवी यायची. पण टमाट्यांच्या निमित्तानं अख्खी आळी तिच्या ओट्यावर जमायची. चहा व्हायचा, सासवांच्या चुगल्या व्हायच्या, आणि दिवेलागण कधी झाली ते कळायचंही नाही.

एकदा शेजारची सरू म्हणाली, "आये, थोडं बी दे गो. सारखं मागाया लाज वाटते."

दिल्यानं काही कमी होत नाही, असं म्हणत गोदूबाईनं राखेत सुकवलेलं बी घरोघर वाटलं.

त्या हिवाळ्यात आळीतलं एकेक परस लाल झालं. गोदूबाईचे टमाटे मात्र झाडावरच सडले. ओट्याकडे कुणी फिरकलंच नाही.

पाऊस सरल्यावर सरू पुन्हा आली. "बी राखलंच नाय गो आमी. म्हटलं, गोदूआय हाय की!"

गोदूबाईनं तिला हाताला धरून बसवलं, चहा पाजला, बियांची पुडी दिली. "थंडीत येशील ना गो टमाट्यांना?"

"आता कशाला? बी दिलंस ना!" सरू हसत हसत गेली.

गोदूबाईनं देवापुढे दिवा लावला आणि दोन्ही कान धरले.



आपल्यापुरतं चिमूटभर बाजूला ठेवून, बाकीचं सगळं बी तिनं सकाळीच तापल्या तव्यावर परतून ठेवलं होतं.