पहिल्या धड्यातलं वाक्य

नारिन शहरातल्या विद्यापीठात आयझिरेक रसायनशास्त्र शिकायची. कोरियन मात्र मोबाईलवर आपली आपणच शिकली, दोनशे दिवस एकही खाडा न करता. कोरियात कारखान्यात राबणाऱ्या भावाकडे, कुबातकडे, जायचं होतं. घरात ती भाषा कळणारी एकटीच, म्हणून भावाने तिथे तिचाच नंबर दिलेला. आज मुकादमाचा फोन आला आणि तिला शब्दन्‌शब्द कळला. भाऊ मशीनमध्ये सापडून मेला होता. समोर आई चहा ओतत होती. त्यांच्याकडे मरणाची बातमी घरच्यांनी सांगायची नसते. गावातले म्हातारे जमून सांगतात. "काय म्हणतोय गं?" आईने विचारलं. "कुबात कामावर आहे." "जेवलाय का विचार की! त्यांच्याच भाषेत विचार, एवढे डोळे फोडलेस ना!" पहिल्याच धड्यातलं वाक्य ते. तिने न अडखळता विचारलं. पलीकडे मुकादम हुंदके देऊ लागला. "काय म्हणाला?" तिने फोन कानावर घट्ट दाबला. "पोटभर जेवलाय."